सरळ जाणाऱ्याचा आकडा बदलतो

नाशिकचे रस्ते जिथे जातात त्या गावाचं नाव लावतात. पेठ रोड पेठला जातो, दिंडोरी रोड दिंडोरीला, त्र्यंबक रोड त्र्यंबकला, गंगापूर रोड गंगापूरला. दक्षिणेकडे निघतो तो पुणे रोड. नाकेही तसेच. मुंबई नाका, त्र्यंबक नाका, पेठ नाका, आडगाव नाका. जकात उठली, चौक्या गेल्या, नावं मात्र राहिली. या शहरात वाढलेल्या माणसाला दिशा वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. भाजी आणायला, दवाखान्यात, शाळेत जाता-येता तो दिवसभर लांबच्या गावांची नावं घेत असतो, आणि त्या नावांबरोबर त्याच्या मनात एक नकाशा आपोआप तयार होत जातो. मला ही सवय फार आवडते. आपण जगाच्या एका कोपऱ्यात नाही, कुठून कुठे तरी जाणाऱ्या वाटेवर आहोत, हे नाशिककराला रस्त्यांनीच शिकवलं.

या सगळ्या नावांत सर्वांत लांबचं नाव आग्र्याचं. पेठ, दिंडोरी, त्र्यंबक ही तासा-दीड तासाच्या आतली गावं. आग्रा कुठल्या कुठे, विंध्य आणि चंबळ ओलांडून. तरी रिक्षावाल्याला आपण बिनदिक्कत सांगतो, आग्रा रोडला घ्या. मराठी कानाला या गावाची ओळख १६६६ सालापासूनची आहे. महाराज तिथे गेले आणि तिथून सुटून आले, ही गोष्ट ऐकूनच आपण मोठे होतो. त्यामुळे डांबरी रस्त्यावरच्या त्या नावात नुसतं अंतर ऐकू येत नाही, परतीची वाटही ऐकू येते.

हा रस्ता शहरातून एकदाच गेलेला नाही. पूर्वी तो गावाच्या पोटातून जात असे. सी.बी.एस. आणि ठक्कर बाजाराच्या बाजूच्या पत्त्यांवर अजून 'जुना आग्रा रोड' असं लिहिलेलं सापडतं. मग रहदारी वाढली आणि महामार्ग गावाबाहेरून गेला. मुंबई नाक्याच्या बसस्थानकाला तर लोक नुसतं 'महामार्ग' म्हणू लागले. मग गावच महामार्गापलीकडे वाढलं. सिडको, इंदिरानगर, राणेनगर, पाथर्डी फाटा असं करत घरं दोन्ही अंगांना उभी राहिली आणि बाहेरचा रस्ता पुन्हा मधला झाला. त्याच्या खालून पलीकडे जायला बोगदे आले, इंदिरानगरचा, राणेनगरचा. शेवटी त्याच रस्त्यावर उड्डाणपूल चढला. आज एकाच नावाचे तीन रस्ते या शहरात एकमेकांच्या जवळून जातात. एक गावातून, एक जमिनीवरून, एक हवेतून. तिघांनाही विचारलं तर तिघेही म्हणतील, मी आग्र्याला जातो.

लहानपणी या रस्त्याला एक आकडाही होता. तीन. कडेच्या दगडांचा माथा पिवळा, पोट पांढरं, वर काळ्या रंगात 'रा. म. ३'. पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्याचा, हे वडिलांनी एस.टी.च्या खिडकीतून दाखवलं होतं. मग प्रवासात माझं कामच ते झालं. चांदवडच्या आसपास डोंगर जवळ येऊ लागले तरी माझं लक्ष दगडांकडे. तीन हा आकडा किती सोपा. मुंबईपासून आग्र्यापर्यंतचा ११६१ किलोमीटरचा रस्ता, आणि त्याला आख्ख्या देशाच्या यादीतलं तिसरं नाव. नाशिकच्या द्वारका चौकातून पुण्याकडे फुटणारा १९२ किलोमीटरचा रस्ता होता पन्नास. तीन आणि पन्नास, एवढ्यात नाशिकचं सगळं भूगोल-पुस्तक संपत असे.

त्या दगडांवरचे किलोमीटरचे आकडे मात्र मला कोड्यात टाकत. पुढे कळलं, ते कोडंही एक गोष्ट सांगत होतं. पिंपळगावपासून नाशिकवरून गोंद्यापर्यंतचा रस्ता रुंद झाला, त्याच्या कामाच्या कागदांत त्याची ओळख 'किलोमीटर ३८० ते ४४०' अशी आहे. हे अंतर मुंबईपासूनचं नाही आणि आग्र्यापासूनचंही नाही. मोजणी इंदूरच्या बाजूनं येते. मध्य प्रदेशातलं खलघाट ८४ च्या पुढे, धुळे २६५ ला, पिंपळगाव ३८० ला. पुण्याच्या रस्त्याची मोजणी उलट दिशेनं वर येते. राजगुरुनगरजवळ ४२, सिन्नरला १७७. म्हणजे द्वारकेच्या चौकात दोन मोजण्या येऊन भेटतात. एक होळकरांच्या इंदुराकडून चालत आलेली, दुसरी पेशव्यांच्या पुण्याकडून. चौकात उभ्या असलेल्या केळीवाल्याला याची खबर नसेल, पण तो उभा आहे ती जागा दोन्हीकडून मोजली गेली आहे.

मग २०१० साल आलं. देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना केंद्र सरकारनं नवे आकडे दिले. त्यात गोंधळ घालण्याचा हेतू नव्हता. उलट, मला ती फार सुंदर कल्पना वाटते. जुने आकडे जसजसे रस्ते घोषित होत गेले तसतसे पडत गेले होते. आकड्यावरून रस्ता देशात कुठे आहे ते कळत नसे. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांना सम आकडे मिळाले आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. म्हणून ईशान्येत दोन, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत मधोमध चव्वेचाळीस, आणि कोकणच्या किनाऱ्यानं सहासष्ट. एक काश्मीर-लडाखात, सत्त्याऐंशी पार रामेश्वरला. तीन अंकी आकडा असेल तर तो फाटा. त्याचे शेवटचे दोन अंक सांगतात की तो कुठल्या मोठ्या रस्त्याचा. त्याहून छोट्या फाट्याला मागे अक्षर. ज्याला ही रीत माहीत आहे त्याच्या हातात अख्खा देश आखलेल्या वहीसारखा येतो. धुळ्याहून नाशिकवरून पुण्याला जाणारा रस्ता झाला साठ. सम आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण. साठ आहे, म्हणजे पश्चिमेकडचा. आकड्यानं आपलं गाव कुठे आहे ते नेमकं सांगितलं.

पण या आखणीत आपला तीन मोडला. आग्र्याला जाणारा एक रस्ता पाच तुकड्यांत वाटला गेला. ठाण्यापासून नाशिकपर्यंत एक ओळख, नाशिकपासून धुळ्यापर्यंत साठ, धुळ्याहून सेंधवा, इंदूर, देवास करत ब्यावऱ्यापर्यंत बावन्न, तिथून गुना, शिवपुरीवरून ग्वाल्हेरपर्यंत शेहेचाळीस, आणि ग्वाल्हेर ते आग्रा चव्वेचाळीस. डांबर तेच, वळणं तीच, कडेची गावं तीच. पण आज आग्र्याला निघालेल्या माणसाला एक आकडा धरून जाता येत नाही. आकडे बदलत बदलत जावं लागतं.

आणि आकडे मोडले तरी संपत नाहीत, ते दुसरीकडे राहायला जातात. आपला तीन आज अटारीच्या सीमेवर सुरू होतो, अमृतसर, जालंधर, मंडी, मनाली करत लेहला जातो. ज्या आकड्यानं कसाऱ्याचा पाऊस आणि ओझरचं ऊन पाहिलं, तो आता हिमालयाच्या बर्फात आहे. पन्नास नांदेडहून बिदर, कलबुर्गी, विजयपूर करत चित्रदुर्गाकडे गेला. आणि आपल्याकडे आलेला साठ पूर्वी ओडिशातल्या बालासोरला, बंगालच्या उपसागराच्या वाऱ्यात होता. मला या स्थलांतराचा विचार करताना वाईट वाटत नाही. आकडा कुणाच्या मालकीचा नसतो. लेहच्या वाटेवर कुणी मुलगा खिडकीतून पिवळा दगड बघत 'तीन' म्हणत असेल, तर तो माझाच आकडा आहे आणि त्याचाही.

अडचण नव्या आकड्यांची नाहीच. अडचण आहे जुने आणि नवे एकाच खांबावर, एकाच वेळी जगतात याची. मुंबई रोडवर निघा. दुकानांच्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांवरच्या मंगल कार्यालयांच्या पत्त्यांत अजून 'एन.एच. ३' आहे. मोबाइलच्या नकाशावर त्याच रस्त्यावर एके ठिकाणी १६० दिसतो, थोडं पुढे ८४८. ठाण्याजवळ वडप्याच्या बाजूला रस्ता रुंद करण्याचं काम निघालं तेव्हा कागदोपत्री तो ८४८ होता आणि कंसात जुना ३. बोलण्यात त्याचं नाव मुंबई-आग्रा, किंवा नुसतं हायवे. माणसाला कागदावर एक नाव असतं आणि घरात दुसरं, तसं हे. घरच्यांना त्याचा त्रास होत नाही. दारात आलेल्या पाहुण्याला होतो.

त्या दोन आकड्यांकडे थोडं थांबून पाहिलं तर दोन वेगळे प्रवास दिसतात. १६० हा साठचा फाटा. तो सिन्नरहून शिर्डीला, तिथून नगर, दौंड करत दक्षिणेला उतरत जातो. दुष्काळी गावांचा, साईबाबांच्या पालख्यांचा रस्ता. ८४८ हा अठ्ठेचाळीसचा, म्हणजे दिल्ली-मुंबई-चेन्नई रस्त्याचा फाटा, आणि त्याची चाल तर पाहण्यासारखी आहे. ठाण्याकडून निघतो, शहापूर मागे टाकतो, कसाऱ्याचा घाट चढतो. इगतपुरीला ढग खाली येतात, घोटीला भाताचा वास, मग विल्होळी, पांडवलेण्यांचा डोंगर, आणि नाशिक. आता वाटतं, पोचला. पण तो थांबत नाही. गोदावरी ओलांडून पंचवटीकडून पेठ रोडला लागतो, सावळ घाट, करंजाळी, कोटंबीचा घाट, नागलीची शेतं, पेठ, मग गुजरातची हद्द, कपराडा, आणि शेवटी पारडी, जिथे अठ्ठेचाळीस पुन्हा भेटतो. समुद्राच्या बाजूच्या त्या मोठ्या रस्त्यापासून सुटून सह्याद्री चढायचा, गोदेचं पाणी पाहायचं आणि पुन्हा सह्याद्री उतरून त्याच रस्त्याला जाऊन मिळायचं. नाशिक या आकड्याचं टोक नाही, त्याचा माथा आहे. ज्यानं हा आकडा ठरवला त्यानं नकाशावर रेघ ओढली असेल, पण त्या रेघेत आमचं गाव असं उंचावर येऊन बसलं, याचं मला मनापासून सुख आहे.

सगळ्यात अवघड जागा द्वारका. धुळ्याकडून गाडी येते साठवरून. समोर उड्डाणपूल. चालक मनात म्हणतो, सरळ जायचं, वळायचं काही कारण नाही. तो पुलावर चढतो, द्वारका त्याच्या चाकांखालून निघून जाते, आणि पलीकडे उतरतो तेव्हा तो साठवर राहिलेला नसतो. तो मुंबईच्या वाटेला लागलेला असतो. साठवर राहायचं तर पुलावर चढायचंच नव्हतं. खालच्या रस्त्यानं चौकापर्यंत यायचं आणि डावीकडे, पुणे रोडला वळायचं. म्हणजे इथे सरळ जाणाऱ्याचा आकडा बदलतो आणि वळणाऱ्याचा तोच राहतो. आकड्यांची रीत आणि डोळ्यांची रीत इतकी उलट क्वचित असेल. डोळा म्हणतो, रुंद रस्ता, पूल, सरळ रेषा, हाच माझा रस्ता. आकडा म्हणतो, खाली ये, गर्दीत शिर, वळ.

पाटी असते तिथे. पण ती कधी वाचायची? ताशी ऐंशीच्या वेगानं गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. पाटीवरची तीन गावं, दोन आकडे, दोन लिप्या आणि बाण वाचून मन ठरवेपर्यंत फाटा मागे पडलेला असतो. इंग्लंडमध्ये जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी १९५०-६० च्या दशकांत त्या देशाच्या रस्त्यांच्या पाट्या नव्यानं आखल्या. अक्षरं अशी हवीत की गाडीतल्या माणसाला वेग कमी न करता वाचता यावीत, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी वर्षं घालवली. अक्षराची जाडी, दोन अक्षरांमधली जागा, पाटीचा रंग, सगळं चालत्या गाडीच्या नजरेतून. आपल्या देवनागरीला तर अशा माणसांची जास्तच गरज आहे. आपली अक्षरं शिरोरेषेला धरून चालतात, वेलांट्या वर जातात, उकार खाली येतात. 'धुळे' आणि 'पुणे' ही दोन नावं दुरून पाहा. दोन अक्षरं, खाली उकार, वर मात्रा. रात्री, पावसात, काचेवरचा वायपर फिरत असताना त्यांच्यात फरक करायला अक्षरं मोठी, मोकळी आणि दूरवरून ओळखू येणारी लागतात. एक जण उत्तरेला जाणार, दुसरा दक्षिणेला, आणि सगळा फरक दोन व्यंजनांचा.

दोन रस्ते एकाच डांबरावरून जाणं ही काही आपलीच गोष्ट नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विदविल गावाजवळ सत्त्याहत्तर आणि एक्याऐंशी हे दोन मोठे महामार्ग काही अंतर एकत्र जातात आणि एकमेकांच्या उलट दिशा सांगत जातात. त्या तुकड्यावरून चालणारी गाडी एका आकड्याप्रमाणे उत्तरेला निघालेली असते, दुसऱ्याप्रमाणे दक्षिणेला, आणि दोन्ही खरं असतं. तिथल्या आकड्यांची रीतही आपल्या उलट आहे. विषम आकडे उत्तर-दक्षिण, सम पूर्व-पश्चिम. आमच्याकडची किती तरी मुलं तिकडे गाडी चालवायला शिकतात, सुट्टीत घरी आली की इकडच्या पाट्या वाचू पाहतात, आणि आई-वडील त्यांना सांगतात, आकड्याकडे बघू नकोस, पाथर्डी फाट्याला उतर. तिकडे आकडा सांगणं हे वाट सांगणं असतं. आपल्याकडे फाटा, नाका, बोगदा, पेट्रोल पंप आणि समोरचं मंदिर सांगणं हे वाट सांगणं असतं. दोन्ही रीती खऱ्या आहेत. पण दुसरी रीत ज्याला गाव माहीत आहे त्यालाच उपयोगी पडते.

आणि नाशिकला गाव माहीत नसलेली माणसं फार येतात. पिंपळगावला आणि लासलगावला कांदा भरायला देशभरातून ट्रक येतात. द्राक्षांच्या दिवसांत तर रात्रभर. एकदा आडगाव नाक्याच्या अलीकडे चहाच्या टपरीवर दक्षिणेकडचा एक ट्रकचालक भेटला. त्याला मराठी येत नव्हती, हिंदी मोडकी. हातात चिठ्ठी, तिच्यावर एकच आकडा आणि एका गावाचं नाव. तो आकडा दाखवून समोरच्या रस्त्याकडे बोट करत होता. टपरीवरच्या प्रत्येकाला त्याला मदत करायची होती आणि प्रत्येक जण आपल्या परीनं सांगत होता. एक म्हणाला, द्वारकेवरून घ्या. दुसरा म्हणाला, पूल सोडा, खालून जा. तिसऱ्यानं हवेत हात फिरवून चौक काढला. आकडा कुणाच्याच तोंडी नव्हता. शेवटी टपरीवाल्याचा पोरगा मोटारसायकल काढून त्याच्या पुढे चौकापर्यंत गेला. त्या पोराबद्दल मला अभिमान वाटला. पण त्याच वेळी हेही लख्ख समजलं की आकडा नेमका याच माणसासाठी असतो. जो आपली लिपी वाचू शकत नाही, आपल्या गल्ल्या ओळखत नाही, रात्री दोन वाजता विचारायला ज्याला कुणी भेटणार नाही, त्याच्याशी रस्ता फक्त आकड्यानं बोलू शकतो. आपल्याला आकड्याची गरज नाही म्हणूनच आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही. आणि आपण लक्ष देत नाही म्हणून खांबावर तीनही राहतो आणि आठशे अठ्ठेचाळीसही.

नावांचंही तसंच झालं आहे. समृद्धी महामार्ग आला. नागपूरपासून शिर्डीपर्यंत २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला, पुढच्या वर्षी इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपर्यंत, आणि २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा टप्पा पुरा होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता अखंड झाला. त्यावर चढण्या-उतरण्याची एक जागा सिन्नर तालुक्यातल्या गोंद्याला आहे, पुणे रोडजवळ. आणि मुंबई रोडवर इगतपुरी तालुक्यात कारखान्यांचं गोंदे आहे, गोंदे दुमाला. दोन्ही नाशिक जिल्ह्यात, दोन्ही महामार्गाला लागून, दोन्हींचं नाव पाटीवर. 'गोंद्याला भेटू' असं ठरवून दोन माणसं दोन तालुक्यांत एकमेकांची वाट बघत बसू शकतात. त्यात शहरांची नावं बदलली. औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगर अहिल्यानगर झालं. शासनानं नाव बदललं तरी पाट्या एका दिवसात बदलत नाहीत. एका चौकात नवं नाव, पुढच्या चौकात जुनं, आणि परगावचा माणूस ही दोन वेगळी शहरं समजून मनात हिशेब करत राहतो.

रस्ता कोण जपतं, याचाही विचार येतो. सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली असत. ठरावीक लांबीचा रस्ता एकाच्या ताब्यात. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, झाडांच्या खोडांना चुना आणि गेरू द्यायचा, आणि दगडांवरचे आकडे पुन्हा रंगवायचे. लहानपणी पाहिलेला एक म्हातारा अजून आठवतो. दगडासमोर उकिडवा बसून, जीभ दातांत धरून, काळ्या रंगात पूर्वीच्याच रेषेवरून कुंचला फिरवत होता. आकडा त्याच्यासाठी सरकारी बाब नव्हती. तो त्याच्या हद्दीतला दगड होता आणि त्यावरचं अक्षर स्वच्छ दिसायला हवं होतं. आज गँट्री आल्या, रात्री चमकणारे फलक आले, तेही चांगलेच आहेत. पण कुठे फांदी पाटीवर येते, कुठे वाढदिवसाचा फ्लेक्स बाणावर चढतो, कुठे नवी पाटी लागते आणि जुनी काढायचं राहून जातं. पाटी लावणं हे एका दिवसाचं काम. ती खरी ठेवणं हे रोजचं काम. मैलकुलीला हे ठाऊक होतं.

मला हे सगळं आत्ता सांगावंसं वाटतं कारण सिंहस्थ येतो आहे. २०१५ च्या पर्वणीला या शहरानं लाखो माणसं पाहिली. २०२७ ला पुन्हा येतील. राजस्थानातून, बिहारातून, बुंदेलखंडातून, ज्यांनी गोदावरी कधी पाहिली नाही अशी. त्यांच्यातले कितीक तर आग्र्याच्या बाजूनंच येतील, त्याच जुन्या वाटेनं, चव्वेचाळीस, शेहेचाळीस, बावन्न, साठ असे आकडे ओलांडत. त्यांच्या गाड्या बाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या जातील, तात्पुरते बाण लागतील, पोलीस शिट्ट्या वाजवतील. या गावानं पाहुणचारात कधी कसूर केली नाही. घाटावर पाणी देणारे, पंगती वाढणारे हात मी पाहिले आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की पाहुणचार आडगाव नाक्याच्याही अलीकडे सुरू व्हायला हवा, पाटीपासून. एका रस्त्याला एका जागी एकच आकडा ठळक लिहा. दोन असतीलच तर दोन्ही प्रत्येक फलकावर लिहा, एकावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा असं नको. काही वर्षं लहान अक्षरांत 'जुना ३' लिहा, म्हणजे आधीचं ऐकून आलेला माणूस हरवणार नाही. पुढचं मोठं गाव आधी, मग लहान. आणि फाट्याची पाटी फाट्यावर नको, आधी हवी, विचार करायला वेळ मिळेल इतकी आधी.

तोवर आपण आहोतच. धुळ्याकडून येत असाल आणि पुण्याला जायचं असेल, तर अमृतधाम मागे पडलं की डावीकडे राहा. समोर पूल दिसेल, त्यावर चढू नका. खालच्या रस्त्यानं द्वारकेपर्यंत या आणि डावीकडे वळा. तोच साठ आहे, त्याच्यावर नाशिकरोड लागेल, मग सिन्नर, संगमनेर, नारायणगाव. मुंबईला जायचं असेल तर खुशाल पुलावर चढा आणि पाटीवर १६० दिसो, ८४८ दिसो की ३, घाबरू नका, रस्ता तोच आहे. पारडीकडे, गुजरातच्या बाजूला उतरायचं असेल तर पंचवटीत पेठ नाका विचारा. आणि चुकलात तर पहिल्या टपरीवर गाडी थांबवा. नाशिकचा कुणीही माणूस तुम्हाला वाट सांगेल, फक्त त्याला आकडा विचारू नका, गावाचं नाव सांगा.